गाडीत बसलेल्या सासूबाई

जुन्या गाडीतून सासूबाईंना बाहेर काढायला त्या रविवारी तीन माणसं लागली, तेव्हा लीव्हन द वालच्या घरात नव्या गाडीचा विषय निघाला. बायकोने हात ओढले, मुलीने पाय उचलून फुटपाथवर ठेवले आणि लीव्हनने पलीकडच्या दारातून आत शिरून मागून लोटलं. गोडलीव्हबाई ऐंशीच्या पुढच्या. कंबरेचा एक सांधा बदललेला आणि दुसरा बदलायला त्यांनी साफ नकार दिलेला. उभ्या राहिल्यावर त्यांनी कोट झटकला, टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, "आता यापुढे मला कुठे न्यायचं नाही. शवपेटीत ठेवतानासुद्धा माणसाला यापेक्षा मानाने वागवतात."

सासूबाईंचं सगळंच बोलणं मनावर घ्यायची घरात पद्धत नव्हती. पण या वेळी त्यांनी शब्द पाळला. तीन आठवडे त्या तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून हलल्या नाहीत. सप्टेंबर लागला. दरवर्षी सप्टेंबरात त्या फ्लँडर्सच्या समुद्रकिनाऱ्यावर, द हानला जात. तिथे एका ठरावीक बाकावर बसून कोळंबीची तळलेली क्रोकेट खात आणि पाण्याकडे बघत. त्या बाकावर कधीकाळी त्यांना लग्नाची मागणी घातली गेली होती. या वर्षी त्यांनी समुद्राचं नावही काढलं नाही. त्यांची मुलगी, म्हणजे लीव्हनची बायको आनलोर, सुईण होती. तिला कळा ओळखता येत.

"लीव्हन, आईला खाली वाकून बसावं लागणार नाही अशी गाडी घे. उंच सीटची."

"उंच सीटची म्हणजे एसयूव्ही."

"मग एसयूव्ही घे."

इथेच लीव्हनची गोची होती. तो शाळेत गणित शिकवायचा, पण त्याचा खरा जीव होता गल्लीच्या समितीत. समितीचा तो अध्यक्ष. 'आपली गल्ली' नावाचं चार पानी पत्रक दर महिन्याला तो स्वतः लिहायचा, स्वतः छापायचा आणि सायकलवरून स्वतः घरोघर टाकायचा. जूनच्या अंकात त्याने पहिल्या पानावर लेख लिहिला होता, 'कुटुंबाची गाडी की रणगाडा?' त्यात मोठ्या गाड्या घेणाऱ्यांची त्याने अशी काही हजेरी घेतली होती, की शेजारच्या रिकने तो लेख गल्लीच्या जेवणात खुर्चीवर उभं राहून वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला टाळ्या पडल्या. शेवटची ओळ होती, 'एवढं लोखंड घेऊन आपण नक्की कुणाशी लढायला निघालो आहोत?'

म्हणून लीव्हनने मधला मार्ग शोधला. एसयूव्ही, पण हायब्रिड. वीजही आणि पेट्रोलही. त्याने एक तक्ता केला, एक्केचाळीस ओळींचा. सीटची उंची, दाराचा कोन, डिकीत सासूबाईंचा वॉकर मावतो का, धूर किती, आवाज किती. तक्त्याच्या शेवटी एकच गाडी उरली. ती आधीपासून त्याच्या मनात होती हा योगायोग समजायचा.

मुलगी फीन सोळा वर्षांची. तिने तक्ता वाचला आणि परत दिला. "बाबा, हे म्हणजे शाकाहारी म्हणवायचं आणि रविवारी कोंबडी खायची."

"साठ किलोमीटर निव्वळ विजेवर जाते ती. द हान चौपन्न किलोमीटर आहे."

"आणि येताना?"

"येताना तू झोपलेली असतेस."

फीनने अट घातली. जाताना इंजिनाचा हुंकार जरी ऐकू आला तरी ती तिथेच उतरणार आणि ट्रेनने घरी येणार. लीव्हनने अट मान्य केली. गणिताच्या मास्तराला सहा किलोमीटर शिल्लक म्हणजे भरपूर वाटतात.

गाडीच्या दुकानात यान्निक नावाचा तरतरीत तरुण होता. त्याने शनिवार-रविवार वापरून बघायला गाडी दिली. "तुम्हाला निसर्ग जपायचाय? हे बटण. तुम्हाला जोर हवाय? ते बटण."

"आणि मला कळत नसेल मला काय हवंय ते?"

"ते बटण आधीच दाबलेलं आहे," यान्निक म्हणाला. "बहुतेक सगळे त्यावरच चालवतात."

शुक्रवारी संध्याकाळी लीव्हन गडद हिरवी गाडी घेऊन निघाला आणि दोन गल्ल्या अलीकडे, एका बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानामागे ती लावून चालत घरी आला. बॅटरी जवळपास रिकामी होती. त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चार्जिंगचा खांब होता, पण तो बरोबर रिकच्या खिडकीसमोर. रिक चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता, आता निवृत्त झालेला. त्या खांबाला कोण गाडी लावतं, किती वेळ लावतं, हे तो टीव्हीवरच्या मालिकेसारखं बघत असे. तिथे जाणं शक्यच नव्हतं. लीव्हनला आठवलं, लेये नदीच्या पलीकडे फुटबॉल क्लबच्या आवारात एक खांब आहे. शनिवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसतं.

शनिवारी आनलोरची ड्यूटी एकपर्यंत होती. फीन तिच्या युवा मंडळाच्या कसल्या तरी कामाला भल्या सकाळी गेली होती. कसल्या, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. दोन वाजता सगळ्यांनी निघायचं ठरलं होतं.

"मीही येते," गोडलीव्हबाई टोपी घालत म्हणाल्या. "सीट बघायची आहे. कपाट घेतानासुद्धा मी आधी दार उघडून बघते."

खाटकाच्या दुकानामागे त्या वॉकर टेकत आल्या. गाडीचं दार उघडलं. त्या सीटला पाठ लावून उभ्या राहिल्या, बसल्या, आणि पाय आत घेतले. एवढंच. कुणाचा हात नाही, लोटणं नाही, 'अगं हळू' नाही. लीव्हनने पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. गोडलीव्हबाई काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "त्या समोरच्यांच्या बागेत टोमॅटो आहेत होय. मला कधी दिसलेच नव्हते."

लीव्हनने त्या क्षणी मनोमन गाडी विकत घेऊन टाकली.

दहा वाजता क्लबच्या आवारात खरोखर कुणी नव्हतं. मैदानाकडेला एक मोठा पांढरा तंबू उभा होता, पण लीव्हनला माहीत होतं की शिंपल्यांची वार्षिक पंगत संध्याकाळी सहाला असते. त्याने केबल लावली. खांबावर हिरवा दिवा लागला. चार तास दाखवले. एका टोकाला केबल खांबात अडकली, दुसऱ्या टोकाला गाडीत. किल्लीचं बटण दाबल्याशिवाय ती आता सुटणार नव्हती.

"आई, पुलापलीकडे बेकरी आहे. तिथे कॉफी घेत बसू."

"तू जा. मी इथून उठत नाही. इथून मैदान दिसतंय."

"बरं. पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

"का? चोरीची आहे?"

"तसंच समजा."

"अस्सं," गोडलीव्हबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी तरतरी आली ती त्याने फारा दिवसांत पाहिली नव्हती.

बेकरीत कॉफी घेता घेता लीव्हन तक्ता परत एकदा तपासत बसला. उठला तेव्हा पावणेबारा झाले होते. पुलावरून त्याला क्लबचं आवार दिसलं. आवारात सायकलींचं रान माजलं होतं. तंबूतून वाफ निघत होती. झालं होतं असं, की गेल्या वर्षी पंगतीच्या रात्रीच्या गोंगाटाची नगरपालिकेकडे तक्रार गेली होती, म्हणून यंदा पंगत दुपारी ठेवली होती. ती तक्रार लीव्हननेच लिहिली होती. चांगली दोन पानी होती.

सायकलींच्या आडून गाडीकडे सटकावं असा त्याचा विचार होता. तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"अध्यक्ष!" रिक म्हणाला. त्याच्या गळ्यात क्लबचा ॲप्रन होता. "मला वाटलंच तू येशील. तक्रार करणारा माणूस तक्रारीचं फळ चाखायला येतोच. चल, मार्लीनने जागा धरलीय."

"मी खरं म्हणजे नुसता जात होतो."

"नुसतं कुणी जात नाही इथून. सायकल कुठे लावलीस?"

"तिकडे," लीव्हन म्हणाला, आणि त्याने हाताने जवळजवळ सगळं जग दाखवलं.

दोन मिनिटांत तो रिकची बायको मार्लीन आणि तंबूच्या एका खांबाच्या मध्ये बाकावर बसला होता. समोर काळ्या पातेल्यात शिंपले, सेलरीचा वास, बीअरचा ग्लास. आख्खी गल्ली तंबूत होती. फीनसुद्धा होती, युवा मंडळाचा रुमाल गळ्यात बांधून ताटं वाहत. तिने बापाला पाहिलं आणि भुवई उंचावली. लीव्हनने ओठांवर बोट ठेवलं. फीनने ताट खाली ठेवलं आणि निघून गेली.

सगळ्यांचे शिंपले आले होते. फ्राइज यायचे होते. आणि वीज गेली.

शिंपले गॅसवर शिजत होते, त्यांचं काही अडलं नाही. पण फ्राइज तळायच्या चारही कढया विजेवर. फ्राइज दोनदा तळावे लागतात. पहिली तळणी एकेका कढईत झालेली, दुसरी चारही कढयांत एकदम व्हायची बाकी. तीनशे माणसांसाठी फिकट, लुळे बटाटे तिथे पडून होते. रिक धावला. वीज आली. टाळ्या पडल्या. चार मिनिटांनी पुन्हा गेली. रिक पुन्हा धावला, पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेल्यावर लोकांनी काटे खाली ठेवले. फ्राइजशिवाय शिंपले खायची पाळी फ्लँडर्समधल्या माणसावर युद्धातसुद्धा फारशी आली नसावी.

रिक हातात कर्णा घेऊन परतला. "मंडळी, कारण सापडलं. बाहेरचा चार्जिंगचा खांब आणि आपल्या कढया एकाच मीटरवर आहेत. कुणीतरी खांबाला एक प्रचंड धूड लावून ठेवलंय. हिरवं. ज्याचं असेल त्याने येऊन केबल सोडवावी. किल्लीशिवाय ती निघत नाही."

कुणी हललं नाही. लीव्हनच्या खिशात किल्ली होती. ती त्याला मांडीवर तव्यासारखी भाजत होती.

"कसले निर्लज्ज लोक असतात," मार्लीन त्याच्याकडे झुकून म्हणाली. "तू जूनमध्ये लिहिलं होतंस ना, अगदी तस्से."

"हो," लीव्हन म्हणाला. "म्हणजे, काही वेळा काही कारणं असतात."

"कसली कारणं? माज असतो."

रिक पुन्हा आला, या वेळी अधिक गंभीर. "मंडळी, गाडीत एक आजी बसलेल्या आहेत."

तंबूभर कुजबुज झाली.

"आत? कोंडून?" कुणीतरी विचारलं.

"काच उघडी आहे. त्या म्हणतात मी आनंदात आहे. मालक कोण विचारलं तर म्हणतात, सांगायची परवानगी नाही. गाडी चोरीची आहे एवढंच कळलंय."

"कुठल्या आजी?" मार्लीनने विचारलं.

"टोपी डोळ्यांपर्यंत ओढलीय, आवाज ओळखीचा वाटतो, पण चेहरा दिसू देत नाहीत. त्यांनी शिंपले मागितलेत. फीन देऊन आलीय."

लीव्हनने फीनकडे पाहिलं. ती कोपऱ्यात उभी राहून हातातलं फडकं दातांत धरून हसू दाबत होती.

"पोलिसांना बोलवावं," मागच्या बाकावरून सूचना आली. "म्हातारं माणूस असं गाडीत टाकून जायचं म्हणजे कुत्र्यासारखं."

"थांबा," रिक म्हणाला. "आपले अध्यक्ष इथेच आहेत. लीव्हन, तू लिहिणारा माणूस. चल, गाडीचा नंबर टिपून घे, रीतसर पंचनामा करू. पुढच्या अंकात छाप."

लीव्हनने नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडात शिंपला होता. शिंपला गिळेपर्यंत त्याला उभं करण्यात आलं होतं. पुढे रिक, मध्ये हातात कागद-पेन्सिल दिलेला लीव्हन आणि मागे साठ-सत्तर भुकेली माणसं अशी मिरवणूक आवारातून निघाली.

आता या गाडीत एक सोय होती. तक्त्यात ती तेहेतिसाव्या ओळीवर होती आणि लीव्हनने तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. किल्ली खिशात असलेला माणूस जवळ आला की गाडी त्याला ओळखते. लीव्हन गाडीपासून चार पावलांवर पोचला आणि गाडीचे दिवे हळूच उजळले. दोन्ही बाजूंचे मिटलेले आरसे, कुत्र्याने मालकाला पाहून कान टवकारावेत तसे उघडले. दाराखालची पायरी सरकून बाहेर आली.

मिरवणूक थांबली. लीव्हन दचकून मागे सरकला. दिवे मावळले, आरसे मिटले, पायरी आत गेली.

"परत पुढे हो," रिक म्हणाला.

"कशाला?"

"हो तर."

लीव्हन पुढे झाला. दिवे, आरसे, पायरी. रिकने स्वतः पुढे होऊन बघितलं. काही नाही. मार्लीनला पुढे केलं. काही नाही. मग त्याने लीव्हनला दंडाला धरून हळूहळू पुढे-मागे केलं आणि गाडी प्रत्येक वेळी तितक्याच आपुलकीने उमलली आणि मिटली. चाळीस वर्षं विजेच्या तारांतला दोष शोधलेला माणूस होता तो. तो पुराव्याशिवाय बोलत नसे.

"आजी," त्याने खिडकीशी वाकून विचारलं, "या गृहस्थांना तुम्ही ओळखता?"

गोडलीव्हबाईंनी टोपी वर केली. त्यांच्या मांडीवर शिंपल्यांचं रिकामं पातेलं होतं. त्यांनी लीव्हनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. "आयुष्यात पाहिलं नाही."

"गोडलीव्ह, तुम्ही आमच्या शेजारी राहता," मार्लीन म्हणाली. "हे तुमचे जावई आहेत."

"असतील. मी शब्द दिलाय."

लीव्हनने खिशातून किल्ली काढली आणि बटण दाबलं. केबल सुटली. तंबूत वीज आली आणि दुरून कढयांचा चर्र आवाज ऐकू आला, तरी कुणी हललं नाही.

"लीव्हन," रिक अखेर म्हणाला, "हे तुझं?"

"दोन दिवसांपुरतं. आम्ही निवड करतोय." त्याला वाटलं आता सगळंच सांगून टाकावं. "आईंना खालच्या गाडीत बसता येत नाही रे. तीन माणसं लागतात. त्यांना समुद्रावर न्यायचंय."

टर उडवायला आलेल्या माणसांची ही मोठीच निराशा होती. तेवढ्यात मार्लीन म्हणाली, "बघू तरी, कशी आहे ती सीट. माझा गुडघा पण हल्ली धरतो." ती चढली, बसली आणि उतरायला तिला वेळ लागला. मग कुणाच्या पाठीची तक्रार निघाली, कुणाच्या टाचेची. गल्लीत इतकी दुखणी आहेत हे लीव्हनला पत्रकाच्या नऊ वर्षांत कळलं नव्हतं. गोडलीव्हबाई पुढच्या सीटवरून सगळ्यांना डाव्या बाजूचं बटण पाठ गरम करतं हे दाखवत होत्या. फ्राइज गाडीशीच आणले गेले.

समुद्र त्या दिवशी राहिलाच, आणि रविवारी आनलोरला ड्यूटी होती. आनलोर दीड वाजता सायकलवरून शोधत आली तेव्हा आई सीटवर गाढ झोपली होती आणि बॅटरी निम्मीच भरली होती. "बेचाळीस टक्के," फीनने खिडकीतून वाचून सांगितलं. "म्हणजे तुमची पेट्रोलची कोंबडी वाटेतल्या ब्रूखेच्या अलीकडेच आरवली असती, बाबा."

मंगळवारी समितीची बैठक होती. लीव्हन राजीनामा खिशात घालूनच गेला. त्याने तो वाचून दाखवला. आपण लोकांना एक सांगितलं आणि स्वतः दुसरं करायला निघालो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ऐकून सगळे अस्वस्थ झाले. रिक उठला आणि म्हणाला, चूक माणसाकडूनच होते. शिवाय त्याने एक ठरावही आणला होता, टाइप केलेला: 'गल्लीत अवजड खाजगी गाड्या नसाव्यात. मात्र ज्या गाडीतून ज्येष्ठ व्यक्ती प्रवास करते तिला हा नियम लागू नाही.' ठराव एकमताने मंजूर झाला. राजीनामा परत देण्यात आला. लीव्हनचे डोळे भरून आले. घरी येऊन तो आनलोरला म्हणाला, "आपण माणसांना उगाच नावं ठेवतो. किती मोठ्या मनाची आहेत ही माणसं."

गुरुवारी शाळा सुटल्यावर तो यान्निककडे सही करायला गेला.

"तीच ना, हिरवी?" यान्निकने स्क्रीनवर बघितलं आणि ओठ चावला. "पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर मिळेल."

"तुम्ही तर सहा महिने म्हणाला होतात."

"तेव्हा होते. मग सोमवारी सकाळी एकदम पाच बुकिंग आली." त्याने आवाज खाली आणला. "गंमत म्हणजे पाचही तुमच्याच गल्लीतले. आणि पाचही जण म्हणाले, शेजाऱ्यांना कळू देऊ नका."

लीव्हनने मनातल्या मनात सोमवार आणि मंगळवार एकापुढे एक मांडून पाहिले. हिशेब साधा होता. त्याने ऑक्टोबरसाठी सही केली आणि सायकलवरून घरी आला.

पहिली गाडी मार्चमध्ये आली, रिकची. करडी. एप्रिलमध्ये दोन आल्या, मेमध्ये दोन. ठराव सगळ्यांनी मंजूर केलेला होता आणि फ्लँडर्समधली माणसं ठराव पाळतात. अडचण एवढीच होती की गल्लीत स्वतःला ज्येष्ठ म्हणवून घ्यायला तयार असलेली व्यक्ती एकच होती.

मेच्या एका शुक्रवारी लीव्हन सासूबाईंच्या खोलीत डोकावला. त्या आरशासमोर टोपीला पिन लावत होत्या. "आई, रविवारी आपण द हानला जाऊ या का? जुन्या गाडीनेच, पण मी खाली दोन जाड उशा घालतो. हळूहळू बसवू."

गोडलीव्हबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर चष्मा लावून पाहिलं. "या रविवारी मार्लीन. पुढच्या रविवारी कोपऱ्यावरचे डॉक्टर. तेवीसला मोकळी होते, पण ती समोरची बाई म्हणाली, मुलांचं सामान आणायचंय, नुसत्या बसा, तेवढाच आधार." त्या त्याच्याकडे वळल्या. चेहऱ्याला ऊन लागून त्या चांगल्या तांबूस दिसत होत्या. "समुद्र म्हणशील तर मी यंदा चारदा बघितला, लीव्हन. तुमचंच जाणं होत नाही."

बाहेर हॉर्न वाजला. गोडलीव्हबाईंनी वॉकर घेतला आणि दारात क्षणभर थांबल्या. "जूनमध्ये एखादा बुधवार बघते मी," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पण नक्की सांगत नाही."